आधी झाड ठरले, मग जमीन पाहिली : जारी नदीकाठच्या शिवण लागवडीचा प्रकरण अभ्यास

लाकडासाठी केलेली एखादी लागवड फसली की दोष बहुतेक वेळा झाडाच्या माथी मारला जातो. ‘हे झाड इथे चालत नाही’ एवढे म्हणून विषय मिटवतात. ते झाड कोणत्या मातीत लावले होते, जमीन कशी साफ केली होती, रोपांचे बी कुठून आले होते, याची नोंद क्वचितच मागे राहते. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खालच्या खोऱ्यात, जारी नदीच्या काठावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत झालेली शिवणीची लागवड या बाबतीत फार मोलाची आहे. तेथे एकच जात, एकाच पावसात आणि एकाच मालकाच्या हाताखाली, दोन अगदी भिन्न मातींवर लागली. एका मातीवर ती जोमाने वाढली आणि दुसरीवर खुरटली. जो तुलनेचा प्रयोग काही गुंठ्यांवर करायला हवा होता, तो तेथे हजारो हेक्टरांवर झाला.

शिवण हे झाड वाईट म्हणून जारीत फसले, असे मला वाटत नाही. झाड आधी ठरले आणि जमीन नंतर पाहिली गेली, तेथेच सारे बिघडले. पुढचे बहुतेक निर्णय या उलट्या क्रमाची भरपाई करण्यात खर्ची पडले. हा क्रम कसा उलटला आणि त्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागली, ते पुढे मांडले आहे.

मालकाचा हिशेब

डॅनियल लुडविग (१८९७–१९९२) हे अमेरिकेतील जहाजमालक होते आणि महाकाय तेलवाहू जहाजांच्या धंद्यात त्यांचे नाव अग्रभागी होते. कागदाची मागणी वाढत जाईल आणि लगद्यासाठी लागणारे लाकूड एक दिवस अपुरे पडेल, असे त्यांनी फार आधी हेरले होते. थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष तोडीला येण्यासाठी कित्येक दशके घेतात. तेव्हा उष्ण कटिबंधात काही वर्षांत तोडीला येणारे झाड मिळाले तर बाजारात आपला हात वर राहील, हा त्यांचा अंदाज होता. अशा झाडाच्या शोधात त्यांची नजर शिवणीवर स्थिरावली. भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया ही या झाडाची मूळभूमी. आफ्रिकेत नेऊन केलेल्या लागवडींमध्ये त्याची वाढ डोळ्यांत भरण्यासारखी दिसली होती.

१९६७ मध्ये लुडविग यांनी जारी नदीच्या दोन्ही अंगांना, पारा आणि आमापा या प्रांतांच्या सीमेवर, सुमारे १६ लाख हेक्टरांचा मुलूख विकत घेतला. लगद्यासाठी शिवण सहा वर्षांत तोडायची, त्याच खुंटांवर फुटवे घ्यायचे, शेजारी कारखाना उभारायचा आणि माल बोटीने जगभर पाठवायचा, अशी योजना होती. कागदावर ही योजना बिनचूक दिसते, कारण तिच्यातील प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे खरा आहे. शिवण खरोखरच वेगाने वाढते, तिला फुटवे चांगले येतात, तिच्या लाकडाचा लगदा चांगला होतो, आणि त्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे सारे दुवे ज्यावर टेकायचे होते ती माती मात्र पुरती तपासलेली नव्हती.

शिवणीला काय लागते

पानझडी जंगलात शिवण पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. राखाडी, गुळगुळीत सालीचे, हृदयाकृती पानांचे हे झाड पाणथळ जागेत रमत नाही आणि उघड्या खडकाळ माथ्यावरही क्वचितच दिसते. दरीच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वरच्या बाजूला, जेथे माती खोल आहे, ओलावा टिकतो पण पाणी साचत नाही, अशा ठिकाणी ते सरळ आणि उंच जाते. त्याला भरपूर उजेड लागतो आणि जमिनीतून ते कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर उचलते. पातळ थराच्या, धुपून गेलेल्या किंवा वाळूसर आंबट जमिनीत तेच झाड बुटके राहते, खालपासून फांद्या फोडते आणि झुडपासारखे दिसू लागते. झाड तेच आणि बीही तेच असते. बदललेली असते ती पायाखालची जमीन.

जारीचा मुलूख वरून एकसारखा दिसत होता. घनदाट, उंच, सदाहरित जंगल पाहिले की खालची माती सकस असणार, असे कुणालाही वाटावे. ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात ही समजूत फसवी ठरते. तेथील पोषणद्रव्यांचा मोठा साठा उभ्या झाडांत, पालापाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरांत असतो; जंगल तोच साठा फिरवून फिरवून वापरते. खालची माती जुनी, झिजलेली आणि आंबट असते, आणि तिच्यातील चिकणमातीचा प्रकारही असा असतो की तो पोषणद्रव्ये फारशी धरून ठेवत नाही. जंगलाची उंची पाहून मातीची प्रत ठरवणे म्हणजे घरातला फिरता पैसा पाहून तिजोरीतील शिल्लक ठरवणे होय.

त्यातही जारीत दोन मोठे प्रकार होते. काही पट्ट्यांत माती चिकण, खोल आणि ओलावा धरणारी होती, तर काही पट्ट्यांत वाळूचे प्रमाण जास्त होते, पाणी झपाट्याने खाली जात होते आणि कोरड्या महिन्यांत वरचा थर वाळून जात होता. चिकण पट्ट्यांवर शिवण वाढली. वाळूसर पट्ट्यांवर ती अपेक्षेच्या जवळपासही पोहोचली नाही.

हा फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. गिरमिटाने अर्धा मीटर खोलीवरची मूठभर माती काढावी, पाण्याचे चार थेंब घालून ती मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवून तिची पट्टी काढावी. चिकणमाती असेल तर पट्टी पाच सेंटीमीटरांहून अधिक लांब होऊनही तुटत नाही आणि बोटांना मेणचट लागते. वाळूसर माती असेल तर पट्टी निघतच नाही. गोळा दाबला की फुटतो आणि कण बोटांवर खरखरतात. दोन मिनिटांची ही तपासणी ठरावीक अंतरावर करत गेले आणि प्रत्येक ठिकाण नकाशावर मांडले की लागवडीचा पहिला खरा नकाशा तयार होतो. त्यानंतर सामू (मातीचा आंबटपणा), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा) आणि कॅल्शियम यांसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. पण कोणते नमुने पाठवायचे, हेही या हाताच्या तपासणीनेच कळते.

बुलडोझरने काय नेले

पहिली चूक मातीच्या निवडीत झाली, तर दुसरी माती हाताळण्यात. सुरुवातीला जंगल साफ करण्यासाठी अवजड यंत्रे आणली गेली. झाड मुळासकट पाडून ढकलत नेताना बुलडोझरचे पाते जमिनीला लागून चालते आणि लाकडाबरोबर वरची माती खरवडून नेते. ज्या जमिनीचे सारे सत्त्व वरच्या वीतभर थरात आहे, तिचा तोच थर काढून बाजूच्या ढिगाऱ्यात लोटला गेला. वर यंत्राच्या वजनाने उरलेली माती दडपली गेली ती वेगळीच.

अशा जमिनीत लावलेले रोप उपटून पाहावे. सोटमूळ सरळ खाली गेलेले नसते. खड्ड्याच्या तळाशी घट्ट थर लागला की ते आडवे वळते आणि काठीच्या मुठीसारखा आकार घेते. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पाऊस सरला की तेच रोप आठवडाभरात सुकू लागते, कारण ओलावा असलेल्या थरापर्यंत मूळ पोहोचलेलेच नसते. यंत्राने साफ केलेल्या क्षेत्रावर आणखी एक खूण दिसते. ढिगाऱ्याच्या कडेची झाडे उंच आणि मधल्या पट्ट्यातील झाडे बुटकी, अशी लाटेसारखी रेघ उभी राहते. खरवडलेली माती कुठे गेली, हे झाडेच दाखवून देतात.

जारीच्या व्यवस्थापनाने हे पाहून पद्धत बदलली, याची नोंद मी आदराने करतो. यंत्रांऐवजी माणसांकडून तोड करून, उपयोगाचे लाकूड काढून, उरलेले जाळण्याची रीत सुरू झाली. तिच्यात माती जागेवर राहते आणि राखेतून काही पोषणद्रव्ये पहिल्या पिकाला मिळतात. परंतु राखेची एक फसगत लक्षात ठेवली पाहिजे. तिच्यामुळे पहिले वर्ष-दीड वर्ष जवळपास कोणतेही झाड छान वाढते. तेवढ्यावर भुलून ‘जात जमली’ असा निर्णय घेतला, तर राखेचा जोर ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाढ मंदावते, आणि तोवर आणखी दोन-तीन हंगामांची लागवड होऊन गेलेली असते.

१९७३ चा बदल

वाळूसर पट्ट्यांसाठी १९७३ पासून मध्य अमेरिकेतील कॅरिबियन पाइन लावायला सुरुवात झाली. माझ्या मते या प्रकरणातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता. हे झाड मुळात आंबट, हलक्या आणि निकस जमिनीवर वाढणारे आहे. शिवणीला जे सोसत नाही ते त्याला सोसते. शिवाय त्याचा तंतू लांब असतो. रुंदपर्णी झाडांच्या लाकडातील तंतू साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, तर पाइनचे तंतू त्याच्या तिपटीच्या घरात असतात. लांब तंतूने कागदाला बळकटी येते आणि आखूड तंतूने गुळगुळीतपणा. त्यामुळे दोन्ही जाती हाताशी असणे कारखान्याच्याही हिताचे होते.

तरीही पाइन म्हणजे ‘कुठेही लावा’ असे झाड नव्हे. त्याच्या मुळांशी सहजीवन करणारी ठरावीक बुरशी मातीत नसेल तर रोपे रोपवाटिकेतच पिवळी पडून थांबतात. पोर्तो रिकोमध्ये पाइन आणण्याचे प्रयत्न याच कारणाने वर्षानुवर्षे फसत होते. बुरशी असलेली माती आणून मिसळली तेव्हा रोपे धरली. विषुववृत्ताजवळच्या सखल दमट प्रदेशात या झाडाला सकस बी फारसे धरत नाही, म्हणून बियाण्यासाठी बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागते. काही झाडे अनेक मीटर उंचीपर्यंत एकही फांदी न फोडता शेपटासारखी वाढत जातात. असे झाड वाऱ्यात वाकते आणि त्याच्या लाकडाची प्रतही खालावते. आणि पाइनच्या खुंटाला शिवणीसारखे फुटवे येत नाहीत, म्हणजे प्रत्येक तोडीनंतर नवी रोपे आणि नवे खड्डे आले. एका जातीच्या जागी दुसरी आणताना तिचा स्वभाव सगळाच्या सगळा पत्करावा लागतो.

या निर्णयाची तारीख मला सारखी खुपते. वाळूवर शिवण वाढत नाही, हे कळायला जेवढी वर्षे लागली, जवळपास तेवढ्याच वर्षांचा चाचणी-लागवडीचा कार्यक्रम आधी घेतला असता तर तेच ज्ञान मिळाले असते, आणि मोठ्या क्षेत्रावर फुकट गेलेली रोपे, मजुरी आणि माती वाचली असती.

चाचणीला किती जागा लागते, याचा हिशेब करून पाहू. तीन बाय तीन मीटर अंतरावर सात ओळी आणि प्रत्येकीत सात झाडे, असा ४९ झाडांचा चौकोन घ्यावा. कडेच्या २४ झाडांना उजेड वेगळा मिळतो म्हणून ती मोजायची नाहीत. आतली २५ मोजायची. असा एक चौकोन ४४१ चौरस मीटर जागा घेतो, म्हणजे साडेचार गुंठ्यांहून थोडे कमी. चार जाती, तीन प्रकारच्या माती आणि प्रत्येक जोडीचे चार चौकोन धरले तर ४८ चौकोन होतात आणि एकूण जागा लागते सुमारे २.१ हेक्टर. प्रत्येक जातीचे तीन वेगवेगळ्या ठिकाणांचे बियाणे घेतले तरी ती साडेसहा हेक्टरांच्या आत राहते. जारीत पुढे लागवडीखाली आलेले क्षेत्र सुमारे एक लाख हेक्टर होते.

बियाण्याच्या ठिकाणाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. एकाच जातीची झाडे मूळ प्रदेशात वेगवेगळ्या पावसात आणि उंचीवर वाढत असतात, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने त्यांच्या अंगात फरक मुरलेला असतो. तिमोर आणि शेजारच्या बेटांवरची युरोफिला नावाची निलगिरी समुद्रसपाटीजवळही वाढते आणि उंच डोंगरावरही. डोंगरावरचे बी सखल दमट प्रदेशात लावले तर नावाने जात बरोबर आणि वागण्याने चूक, असे होते. म्हणून जातीच्या नावाबरोबर बियाण्याचा उगम लिहिल्याशिवाय लागवडीची नोंद पूर्ण झाली, असे मानू नये.

कारखान्याने बांधलेली वेळ

१९७८ मध्ये जपानमधील कुरे येथे बांधलेला लगदा कारखाना आणि वीजकेंद्र, दोन प्रचंड तराफ्यांवर चढवून, समुद्रमार्गे सुमारे २५ हजार किलोमीटर ओढत जारीला आणले गेले आणि १९७९ मध्ये उत्पादन सुरू झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्य होती. तराफे ज्या लाकडी खांबांवर बसवले गेले, ते सुमारे ३,७०० खांब मासारांदूबा या स्थानिक झाडाचे होते. आपल्या खिरणीच्या प्रजातीतील हे झाड त्याच जंगलात, कुणीही न लावता वाढलेले, आणि त्याचे लाकूड पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारे. स्थानिक जातींच्या गुणांची माहिती तेथे होती, याचा हा पुरावाच आहे. लागवडीसाठी जाती निवडताना तिला महत्त्व मिळाले नाही.

कारखाना दिवसाला ७५० टन लगद्याच्या क्षमतेचा होता, वर्षाला सव्वादोन लाख टनांच्या आसपास. एक टन विरंजित (रंग काढून पांढरा केलेल्या) लगद्याला साधारण साडेचार घनमीटर लाकूड धरले, तर वर्षाला जवळजवळ दहा लाख घनमीटर लाकूड हवे. आता केवळ हिशेबासाठी वाढीचे तीन दर घेऊ. हेक्टरी वर्षाला ३० घनमीटर वाढ असेल तर सुमारे ३३ हजार हेक्टर उभी लागवड पुरते. १५ घनमीटर असेल तर ६६ हजार लागतात, आणि १० घनमीटर असेल तर एक लाख. वाढीचा अंदाज निम्म्यावर आला की क्षेत्र दुप्पट होते. आणि क्षेत्र दुप्पट झाले की रस्ते, वाहतूक, तणकाढणी, आगीवरची राखण, सारे त्याच पटीत वाढते. आधीच चांगल्या मातीचे पट्टे संपलेले असल्याने हे वाढीव क्षेत्र अधिक निकस जमिनीवर जाते, त्यामुळे सरासरी आणखी घसरते.

यंत्र ठरलेल्या दिवशी येते, झाड मात्र आपल्या गतीने वाढते. कारखान्याची तारीख आणि क्षमता पक्की केल्यावर लागवडीच्या अधिकाऱ्याच्या हातात थांबण्याची मोकळीक उरत नाही. ‘हा पट्टा अजून तपासायचा आहे’ असे म्हणणे त्याला परवडत नाही, कारण सहा वर्षांनी तेथून लाकूड यायचेच आहे, असे कुठल्या तरी तक्त्यात लिहून ठेवलेले असते. लागवडीचा पहिला मोजलेला उतारा हाती येईपर्यंत कारखान्याची क्षमता ठरवू नये, हा धडा मी या प्रकरणातून घेतो आणि लाकूड प्रक्रियेच्या लहानात लहान प्रकल्पालाही तो लागू आहे, असे मानतो.

लुडविग यांनी १९८२ मध्ये प्रकल्प सोडला आणि तो ब्राझीलमधील कंपन्यांच्या गटाकडे गेला. त्याला केवळ झाडे कारणीभूत होती, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. जमिनीच्या मालकीचे वाद, कर्जाचे हप्ते, सरकारशी बिघडलेले संबंध आणि वसाहत चालवण्याचा अवाढव्य खर्च ही कारणेही तितकीच खरी होती. परंतु लागवडीने ठरल्याप्रमाणे लाकूड दिले असते, तर ही ओझी पेलायला थोडे तरी बळ मिळाले असते.

नवे शत्रू

दूरदेशी नेलेले झाड सुरुवातीला निरोगी दिसते, कारण त्याच्या मायदेशातील किडी आणि रोग मागे राहिलेले असतात. पुढे नव्या मुलखातील शत्रू त्याला ओळखू लागतात. जारीत शिवणीवर सेराटोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा खोडाचा कॅन्कर पसरला. ही बुरशी जखमेतून आत शिरते. साल वरून थोडी खचलेली आणि काळपट दिसते; खोड आडवे कापले की आतल्या लाकडात कडेकडून गाभ्याकडे निमुळता होत गेलेला काळसर पाचर दिसतो. पाण्याच्या वाहिन्या बंद होत जातात आणि शेंडा वाळतो. जखमेतून शिरणाऱ्या रोगाचा फुटव्यांच्या पद्धतीशी थेट संबंध येतो, कारण फुटवे घेणे म्हणजे दर आवर्तनाला, म्हणजे दर तोडीला, प्रत्येक खुंटावर एक मोठी जखम करणे आणि नंतर नको असलेले फुटवे काढताना आणखी काही. पाने कापून वारुळात नेणाऱ्या मुंग्यांचाही उपद्रव होता. दक्षिण अमेरिकेत लागवड करणाऱ्या प्रत्येकाला तो सोसावा लागतो.

अशक्त झाडाला रोग लवकर धरतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. निकस जमीन, दडपलेली माती आणि हजारो हेक्टरांवर एकच जात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर बुरशीला अडवायला काही उरत नाही. मिश्र लागवड हा यावर सरसकट उपाय आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. लगद्याच्या कारखान्याला एकसारखे लाकूड लागते आणि एकाच वाफ्यात मिसळलेल्या जाती एकमेकींना दाबतात. जमिनीच्या पट्ट्यानुसार जाती बदलत जाव्यात आणि सलग क्षेत्र ओढ्याकाठच्या नैसर्गिक जंगलाने तोडले जावे, एवढे तरी शक्य असते, आणि मातीचा नकाशा प्रामाणिकपणे पाळला तर ही विविधता आपोआप येते.

दुसरी तोड आणि पुढची झाडे

प्रत्येक तोडीबरोबर जमिनीतून कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर द्रव्ये बाहेर जातात. सालीत कॅल्शियम विशेष असते. म्हणून साल आणि फांद्या शेतातच सोडणे हा खताइतकाच महत्त्वाचा उपाय ठरतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेताड जमिनींवर रेडिएटा पाइनच्या दुसऱ्या आवर्तनात उत्पादन घटल्याचे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले होते. तेथे तोडीनंतरचा पालापाचोळा न जाळता जागेवर ठेवणे, तण वेळेवर काढणे आणि खत देणे, या मार्गाने ती घट भरून काढता आली. जारीच्या वाळूसर पट्ट्यांचा विचार करताना मला हे उदाहरण नेहमी आठवते, कारण रेतीत जे काही धरून ठेवायचे ते सेंद्रिय कर्बच धरतो.

मातीने जात ठरवावी, ही गोष्ट आपल्याकडेही जुनीच आहे. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. तेथे चालियार नदीच्या गाळाच्या सपाटीवर साग अवाढव्य झाला आणि वरच्या जांभ्याच्या टेकड्यांवर तोच साग मध्यम किंवा हलक्या प्रतीचा राहिला. साग आणि शिवण दोघांनाही खोल, निचऱ्याची, कॅल्शियम देणारी जमीन हवी असते. म्हणून निलंबूरचा नकाशा समजून घेतलेल्या वनाधिकाऱ्याने जारीच्या वाळूवर शिवण लावताना नक्कीच हात आखडता घेतला असता.

जारीत शिवणीची जागा पुढे निलगिरीने घेतली. आधी डेग्लुप्टा ही जात आली. मिंदानाओ, सुलावेसी आणि न्यू गिनी या बेटांवरचे, पावसाळी प्रदेशात वाढणारे हे झाड दमट हवेत शोभत होते. पण तिलाही सकस जमीन हवी आणि तिच्या खुंटाला फुटवे नीट येत नाहीत. त्यानंतर युरोफिला आणि तिचे संकर यांच्याकडे वळावे लागले. ब्राझीलच्या दक्षिणेकडील भागात त्याच सुमारास युरोफिला आणि ग्रँडिस या निलगिरीच्या दोन जातींच्या संकरातून निवडलेल्या झाडांची फांदीपासून रोपे करण्याचे तंत्र पक्के होत होते. एस्पिरितु सान्तो राज्यातील अराक्रूझ कंपनीच्या संशोधकांना या कामासाठी १९८४ चा मार्कस वॉलेनबर्ग हा वनसंशोधनातील पुरस्कार मिळाला. या तंत्रामुळे जात निवडण्याच्या पुढे जाऊन एकेक झाड निवडता येऊ लागले. अमुक क्लोन (एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपे) वाळूसाठी, अमुक चिकणमातीसाठी, अमुक रोगाला टिकणारा, अशी वाटणी शक्य झाली.

तीच पद्धत धोकाही वाढवते. एका क्लोनची सारी झाडे जनुकीय दृष्ट्या एकच असतात. रोगाने एकाला गाठले की ओळीतील शेवटच्या झाडापर्यंत त्याला अडथळा नाही. उत्तर ब्राझीलच्या उष्ण-दमट पट्ट्यात निलगिरीच्या पानांवर कॅलोनेक्ट्रिया बुरशीचा करपा पडतो आणि पावसाळ्यात खालच्या फांद्या पानांविना उघड्या होतात. म्हणून तेथे क्लोनची निवड करताना घनमीटरांच्या आकड्यासोबत पानांची गळही मोजावी लागते, आणि ती मोजायला पावसाच्या ऐन भरात, चिखल तुडवत, ओळीओळींतून फिरावे लागते.